वान लोकमधलं टेबल

भावोजींनी मागून मागितलं काय, तर वान लोक हॉटेलातले कोंबडीचे पाय.

सोमवारी सकाळी त्यांच्या जिभेचं ऑपरेशन होतं. अर्धी काढायची की सगळीच, हे उघडून बघितल्यावरच कळेल असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. रविवारी दुपारी वॉर्डात हजर व्हायचं होतं. शनिवारी माझ्या थोरल्या बहिणीने, यिन-हिंगताईने, त्यांना विचारलं, "उद्या सकाळी काय करू तुझ्यासाठी? मासा वाफवू? की भाताची पेज करू मऊशी?"

"पेज आहेच की पुढे जन्मभर," भावोजी म्हणाले. "वान लोकला जाऊ. तू, मी आणि धाकटी."

धाकटी म्हणजे मी.

माझे भावोजी त्सांग पाक-किऊ हाँगकाँगात शाम शुई पोच्या बाजूला मिनीबस चालवायचे. पंचवीसएक वर्षं त्यांनी तेवढंच केलं. शिव्या देत गाडी चालवायची, सिग्नलला थांबलं की मागे वळून उतारूंना गोष्टी सांगायच्या, आणि उतरताना म्हाताऱ्याकोताऱ्यांना "सावकाश गं आजी, पृथ्वी कुठे पळत नाही" म्हणायचं. पण त्यांची खरी करामत बघायची ती जेवायला बसल्यावर. कोंबडीचा अख्खा पाय ते तोंडात टाकायचे, बोलणं एक क्षणभरही थांबायचं नाही, आणि थोड्या वेळाने ओठांच्या कोपऱ्यातून एकेक बारीक हाड स्वच्छ होऊन वाटीत पडायला लागायचं. हात लावायचा नाही, दात लावायचे नाहीत, सगळं काम जिभेचं. माझ्या लग्नात माझे सासरे आ वासून बघत राहिले होते.

थंडीत त्यांच्या जिभेवर फोड आला तेव्हा आम्हाला वाटलं अंगातली उष्णता असेल. ताई रोज कडू काढा पाजत राहिली. फोड गेला नाही, तिथं गाठ झाली. एप्रिलपर्यंत ते तोंडात गरम घास धरल्यासारखे बोलायला लागले होते, आणि जेवताना एका बाजूला मान कलती करायचे.

त्या रविवारी मातृदिन आहे हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात नव्हतं. आमची आई जाऊन बरीच वर्षं झाली, ताईला मूल झालं नाही, आणि माझा मुलगा मेलबर्नला असतो. आमच्या घरात त्या दिवसाचं काही नसायचंच. बाकी हाँगकाँग मात्र त्या दिवशी आईला घेऊन डिम सम, म्हणजे टोपल्यांतले वाफवलेले छोटे पदार्थ, खायला बाहेर पडतं.

वाटेत भावोजी थांबले आणि ताईला म्हणाले, "एक आत्ताच सांगतो. तिथं कुणाला काही बोलायचं नाही. वेटरला नाही, मॅनेजरला नाही. लोकांनी माझ्या तोंडाकडे टकामका बघत बसलेलं मला नको. गिऱ्हाईकासारखं जाऊ, गिऱ्हाईकासारखं खाऊ, उठू. कबूल?"

"कबूल," ताई म्हणाली.

वान लोक पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढायला लागलो तर माणसं पार खालच्या पायरीपर्यंत उभी. आज्या, सुना, बाबागाड्या, पोरांच्या हातात फुलं. वर दाराशी एक बाई माईक धरून नंबर पुकारत होती. तिने आमच्या हातात चिठ्ठी दिली आणि ताईच्या हातात एक लाल फूल कोंबलं. त्या दिवशी येईल त्या प्रत्येक बाईला ते देत होते.

"किती वेळ लागेल हो?" ताईने विचारलं.

"दीड तास. दोनही लागतील."

"आमच्याकडे इतका वेळ नाही. आम्ही दोनच पदार्थ खाणार. कोपऱ्यात कुठंही बसवा."

"बाई, खाली नूडल्सचं दुकान आहे, तिथं लगेच मिळेल. आज सगळ्यांचीच आई जेवायला आलीय." आणि ती पुढच्या माणसाकडे वळली.

ताईने एकदा भावोजींकडे बघितलं. ते जिन्याच्या कठड्याला टेकून, गालाला हात लावून उभे होते. तिने फूल माझ्याकडे दिलं आणि थेट आत घुसली.

आमच्याकडे हे चालतं. ज्यांचं खाणं संपत आलंय त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं, म्हणजे ती माणसं अवघडून लवकर उठतात. दारातून मला ताई दिसत होती. एका कुटुंबाच्या टोपल्या रिकाम्या झाल्या होत्या, चहाचं भांडंही उपडं व्हायला आलं होतं, म्हणून ती तिथं जाऊन उभी राहिली. त्यांनी आंब्याचं पुडिंग मागवलं. पुडिंग संपल्यावर पोरीने आणखी एक मागवलं.

"झालं का हो तुमचं?" ताईने विचारलं.

"झालं की कळवतो," तो माणूस न वळता म्हणाला. "तोवर माझ्या मानेवर श्वास सोडू नका, गुदगुल्या होतात."

पोरं हसली. ताई तिथून हटली आणि दुसऱ्या टेबलामागे गेली. तिथून तिसऱ्या.

भावोजी जिन्यातून हे सगळं बघत होते. "तुझी ताई बघ," ते मला म्हणाले. शब्द जाड येत होते, पण खुशीत होते. "माझ्या गाडीत जागेसाठी असं कुणी लढलं असतं ना, मी फुकट घरापर्यंत सोडलं असतं."

"दुखतंय का, भावोजी?"

"दुखायचं ते दुखतंच. वास बघ कसा येतोय."

आतून ढकलगाड्या फिरत होत्या, झाकणं उघडली की वाफेचा लोट उठायचा. कोळंबीचे डिम सम, डुकराच्या मांसाचे पांढरे पाव, तांदळाच्या गुंडाळ्या. भावोजी डोळे मिटून उभे राहिले होते. बारा वाजून गेले. मला वॉर्डाची वेळ दिसत होती.

तेवढ्यात माईकवरून आलं, "अठ्ठावन्न! अठ्ठावन्न नंबर, तीन जण!"

कुणी पुढे आलं नाही.

"अठ्ठावन्न! आहे का कुणी? नसेल तर पुढचा घेते!"

"आलो! आलो!" आतून ताईने हात वर केला. आमचा नंबर नव्वदच्याही पुढचा होता.

"चिठ्ठी?"

"नवऱ्याकडे आहे, तो काय जिन्यात. यिन-फोंग! अगं ये ना, त्याला घेऊन ये!" ताईने मला अशी काही हाक मारली की मी विचार न करता भावोजींचा दंड धरला आणि आत गेले. माईकवाल्या बाईला गर्दीने घेरलं होतं. तिने हात हलवून आम्हाला सोडून दिलं.

"हा आपला नंबर नाही," भावोजी टेबलाशी आल्यावर म्हणाले.

"बस."

"हिंग, हा आपला—"

"बस म्हणते ना."

ते बसले. आमच्याकडे खाण्याआधी वाट्या चहाने विसळतात, ताईने त्यासुद्धा विसळल्या नाहीत. जवळून जाणारी गाडी तिने हाताने अडवली आणि कोंबडीच्या पायांच्या दोन टोपल्या उचलून टेबलावर ठेवल्या. झाकण काढलं. काळ्या घेवड्याच्या चटणीत मुरलेले लालसर पाय, वर मिरचीचा तुकडा. ताईने एक उचलून भावोजींच्या वाटीत ठेवला.

त्यांनी जेवणाच्या काड्या हातात घेतल्या, आणि माझ्या डोक्यावरून कुणीतरी म्हणालं, "हे आमचं टेबल आहे."

चाळिशीचा एक माणूस, त्याची बायको, आणि त्या दोघांच्या मधोमध काठी टेकत आलेली एक बारकी म्हातारी. माणसाच्या हातात अठ्ठावन्न नंबरची चिठ्ठी होती. "आईला बाथरूमला नेलं होतं. तेवढ्यात तुम्ही बसलात?"

"पुकारलं तेव्हा तुम्ही नव्हता," ताई म्हणाली.

"तुमचा नंबर दाखवा."

माईकवाली बाई धावत आली. तिने एका नजरेत ओळखलं. "बाई, उठा. मला खोटं सांगितलंत तुम्ही. दहा वाजल्यापासून उभी आहेत ही माणसं."

"आम्ही दहा मिनिटांत उठतो. दहाच मिनिटं."

"आत्ता उठा."

"नाही उठणार."

ताईने दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली होती. आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. भावोजी उभे राहिले, टोपी उचलली आणि हळूच म्हणाले, "हिंग, चल. पुरे झालं."

"नाही."

"लाज कशी वाटत नाही हो?" तो माणूस आता ओरडायला लागला. "आजच्या दिवशी म्हाताऱ्या बाईची जागा चोरता? तुमच्या मुलांना हेच शिकवलंत का?"

"मुलं नाहीत मला!" ताई किंचाळली. "हा एक माणूस आहे मला! आणि उद्या सकाळी त्याची जीभ कापणार आहेत! उद्यापासून हा खाणार नाही, बोलणार नाही! एवढे दोन पाय खाऊ दे त्याला, मग मला मारा, पोलिसांना बोलवा, काय हवं ते करा!"

आसपासच्या टेबलांवरचा आवाज एकदम बंद झाला. गाडी ढकलणारी बाई जागच्या जागी थांबली. लांब कुठल्यातरी पोराच्या फोनवर खेळ चालू होता, तेवढाच काय तो ऐकू येत राहिला. आणि जे भावोजींना नको होतं तेच झालं. सगळेजण त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

भावोजींचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. चारचौघांत कपडे उतरवल्यासारखे ते उभे होते.

म्हातारीने काठीने मुलाच्या बुटावर टोचलं. "खुर्च्या आण."

"आई, अगं पण—"

"खुर्च्या आण म्हणते ना. गोल टेबल आहे, सगळे मावतात." ती भावोजींच्या शेजारी बसली आणि त्यांच्या वाटीत डोकावून म्हणाली, "गार होतंय. खाताय की मी खाऊ? दात नाहीत मला, पण कोंबडीचे पाय मी कुणाला सोडत नसते."

भावोजी क्षणभर तिच्याकडे बघत राहिले. मग टोपी मांडीवर ठेवून बसले.

त्यांनी पाय उचलला आणि अख्खा तोंडात टाकला. ताई, मी, ती म्हातारी, तिचा मुलगा, सून, सगळे बघायचं नाही म्हणत बघत होतो. त्यांचा गाल हलला. थांबला. परत हलला. त्यांच्या कपाळावर शीर उभी राहिली. बऱ्याच वेळाने ओठांच्या कोपऱ्यातून एक हाड आलं. मग दुसरं. मग तिसरं, अगदी स्वच्छ. त्यांनी रुमालाने तोंड टिपलं, रुमाल घडी करून खिशात घातला, चहाचा घोट घेतला आणि ताईकडे बघून म्हणाले, "फर्मास."

ताई रडत रडत हसली. "आणखी घे."

त्यांनी आणखी एक घेतला. मग आणखी एक. टेबलावरचे कागदी रुमाल घेऊन दर वेळी तोंड टिपत होते आणि बोळा खिशात टाकत होते. म्हातारी त्यांच्या कपात चहा ओतत राहिली, आणि ते दोन बोटांनी टेबलावर टकटक करून आभार मानत राहिले. पण बोलले नाहीत. दोन्ही टोपल्या संपवल्या, उठले, म्हातारीला वाकून नमस्कार केला आणि आमच्या पुढे जिना उतरायला लागले.

टॅक्सीत ताई त्यांच्याशेजारी बसली. "रागावलास?"

ते खिडकीबाहेर बघत राहिले.

"मला दुसरं काही सुचलं नाही रे. तोंडातून निघून गेलं."

त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, पण ओठ मिटलेलेच.

वॉर्डात गेल्यावर सरकारी कपडे घातले, पलंग मिळाला, हाताला नावाची पट्टी बांधली. एका शिकाऊ नर्सने नाव विचारलं तर त्यांनी मनगटावरची पट्टीच पुढे केली. डॉक्टर उशिरा येणार होते. ताई पलंगाशेजारच्या स्टुलावर बसली होती आणि तिची नजर सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. दुपार उलटून चालली होती. त्या माणसाचा आवाज कानावर पडायचे जे काही तास उरले होते, ते असे एकेक करून जात होते.

"शिव्या दे मला," ती म्हणाली. "तू त्या टॅक्सीवाल्यांना देतोस ना, तशा दे. मी ऐकते. पण बोल."

त्यांनी मान हलवली.

"यिन-फोंग, तू विचार. तुझ्याशी बोलेल तो."

मी वाकून म्हटलं, "भावोजी, ताईला एवढं नका ना छळू. चुकली ती. एक शब्द बोला तिच्याशी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते, पण तोंड घट्ट बंद. एकदा त्यांनी घोट गिळला, तेव्हा त्यांचा सगळा चेहरा आवळला गेला.

मग ताई स्टुलावरून उतरली आणि पलंगाशी खाली गुडघ्यांवर बसली. शेजारच्या पलंगांवरचे रोगी बघत होते. "किऊ," ती म्हणाली, "उद्यापासून मला तुझा आवाज कुठून आणायचा? तुझं मला 'म्हातारे' म्हणून हाक मारणं कुठून आणायचं? मी तुझा शब्द मोडला, कबूल. सगळ्या दुनियेसमोर तुला उघडं पाडलं, कबूल. पण आजच्या दिवशी सूड नको घेऊस माझ्यावर. दुसरं काहीही कर. हे नको."

भावोजींनी तिचं डोकं दोन्ही हातांनी धरलं आणि आपल्या छातीशी ओढलं. मला वाटलं आता बोलतील. त्यांचे ओठ हललेसुद्धा. मग त्यांनी ते पुन्हा मिटून घेतले आणि छताकडे बघत तिचे केस कुरवाळत राहिले.

चारच्या सुमारास मोठी नर्स टॉर्च घेऊन आली. "त्सांग, आ करा बरं."

त्यांनी केलं नाही.

"उद्या ऑपरेशन आहे, तोंड बघायला हवं. आ करा."

त्यांनी माझ्याकडे बघून ताईकडे बोट दाखवलं आणि मग दाराकडे. हिला बाहेर ने. मला कळलं, पण ताईलाही कळलं. "मी कुठे जाणार नाही," ती म्हणाली.

नर्सने त्यांची हनुवटी धरली. त्यांनी तोंड उघडलं, आणि रक्त हनुवटीवरून गळ्यावर, गळ्यावरून त्या फिक्या निळ्या सदऱ्यावर आलं. गालात रक्ताच्या काळ्या गुठळ्या साचल्या होत्या. ते सगळं त्यांनी दुपारपासून तोंडात धरलं होतं, आणि मावेना तेवढं गिळलं होतं.

"अरे देवा! डॉक्टरना बोलवा!" नर्स ओरडली. पडदा ओढला. आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर एका पोऱ्याएवढ्या दिसणाऱ्या डॉक्टरने विचारलं, "काही कडक खाल्लं का यांनी? हाडाचं? जिभेवरची गाठ फाटलीय."

"मी खायला घातलं," ताई म्हणाली.

"मऊच द्या म्हणून सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं."

तो जरा नरमला. "हे कधीतरी व्हायचंच होतं. पण किती दुखलं असेल याची कल्पना आहे का तुम्हाला? आणि ते बोलले नाहीत?"

भावोजींचं जॅकेट माझ्या हातावर होतं. ताईने ते ओढून घेतलं आणि खिशात हात घातला. कापडी रुमाल आणि कागदाचे बोळे रक्ताने एकाला एक चिकटून घट्ट झाले होते. ती तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

"पहिल्याच घासाला," ती म्हणाली. "पहिल्याच घासाला फाटलं असणार, यिन-फोंग. आणि मी म्हटलं आणखी घे. मी म्हटलं त्याला, आणखी घे."

तिने स्वतःच्या तोंडावर मारून घ्यायला सुरुवात केली. मी तिचे हात धरले. मला आवरेना इतका जोर होता त्या हातांत.

निघायच्या आधी आम्हाला आत सोडलं. भावोजींचं तोंड कापसाच्या पट्ट्यांनी भरलं होतं, ओठ ताणले गेले होते. ताई पायाशी उभी राहिली, तिला जवळ जायचं धाडस होईना. त्यांनीच हात लांब करून तिला ओढून घेतलं, तिच्या गालावरचे वळ बघितले आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग हाताने खूण केली, घरी जा, झोप.

सोमवारचं ऑपरेशन संध्याकाळपर्यंत चाललं. जीभ सगळी काढावी लागली. गळ्याला श्वासासाठी भोक पाडलं, पोटात नळी बसवली. माणूस वाचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नशीबवान आहेत. ताई मान डोलावत म्हणाली, "हो, हो."

जूनच्या अखेरीस ते घरी आले. ताई नळीतून दूध घालायला शिकली, गळ्याचं भोक साफ करायला शिकली. सगळं वेळच्या वेळी करायची. पण घरात चूल पेटेना. मी गेले की दर वेळी ती जास्तच वाळलेली दिसायची. विचारलं तर म्हणायची, जेवले मघाशी. शेवटी शेजारणीने मला सांगितलं, तुझी बहीण लिफ्टजवळ कचऱ्याच्या डब्यापाशी उभी राहून कोरडा पाव खाते. भिंतीकडे तोंड करून, चोरून खाल्ल्यासारखी.

त्या दिवशी मी तिला रागवायचं ठरवून वर गेले, तर ती घरात एकटीच होती आणि भेदरलेली होती. "किऊ कुठे गेलाय कळत नाही. मी न्हाणीघरात होते. दार उघडं टाकून गेला. गळ्यात काही अडकलं तर ओरडताही येणार नाही त्याला."

आम्ही चपला घालत होतो तेवढ्यात लिफ्ट उघडली. भावोजी आले. गळ्याला कापड गुंडाळलेलं, कपड्यांत अंग हरवलेलं, हातात प्लॅस्टिकची पिशवी. त्यांनी आम्हाला बाजूला सारलं, टेबलावरच्या औषधाच्या बाटल्या सरकवल्या आणि पिशवीतून डबा काढून उघडला. भात आणि भाजलेलं बदक, चकाकती कातडी, वर थोडी हिरवी भाजी. एकाच माणसाचं. त्यांनी खुर्ची ओढली आणि ताईकडे बोट केलं.

"माझं झालंय जेवण," ताई म्हणाली.

त्यांनी लिफ्टच्या दिशेला बोट दाखवलं आणि मान हलवली. त्यांना सगळं माहीत होतं.

"तुझ्यासमोर कसं खाऊ मी? नाही जमायचं. मला नाही जमायचं, किऊ."

त्यांनी टेबलावर असा हात आपटला की काड्या उडून खाली पडल्या. गळ्याच्या भोकातून श्वासाचा शिट्टीसारखा आवाज आला. मी काड्या उचलून धुऊन आणल्या.

ताई बसली. भावोजी तिच्यासमोर हाताची घडी घालून बसले. तिने पहिला घास तोंडात घातला आणि तिला तो गिळता येईना. नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, भातावर पडत होतं. ती चावत राहिली. ते बघत राहिले, तिच्या तोंडाकडे, तिच्या गळ्याकडे, तो घास खाली उतरेपर्यंत. मग त्यांनी डब्याकडे हनुवटी उडवली. दुसरा घे.

अर्धा डबा संपला तेव्हा ताई थांबली आणि हुंदका आवरत म्हणाली, "खारट केलंय त्यांनी फार."

भावोजी उठले, आत गेले आणि तिच्यासाठी पेलाभर गरम पाणी घेऊन आले.